आपलं माप आपण घ्यायचं नाही

लेथ सुरू करण्याआधी मी हल्ली पाच मिनिटं नुसता बसतो. पूर्वी असं नव्हतं. शेडमध्ये शिरलो की एका हातानं दिव्याचं बटण आणि दुसऱ्यानं मोटरचं, असा मामला होता. आता आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते. मग चष्मा शोधायचा, तो बहुधा कपाळावरच असतो. मग मायक्रोमीटरची डबी उघडायची तर बोटं ऐकत नाहीत. एवढं होईपर्यंत निम्मा उत्साह खर्ची पडलेला असतो, आणि उरलेल्या निम्म्यात होईल तेवढं काम.

शेड म्हणजे पणदऱ्यातल्या आमच्या घरामागचा गोठा. मध्ये पत्र्याची आडभिंत घातली आहे. पलीकडे दोन गाई, अलीकडे लेथ. बायकोची अट एकच, लोखंडाचा एवढासा कीससुद्धा पत्र्यापलीकडे जाता कामा नये. वैरणीतून गाईच्या पोटात गेला तर गाय हातची जाते. म्हणून धारेच्या वेळेआधी मशीन बंद करायचं, झाडायचं आणि दोरीला बांधलेला लोहचुंबक सगळ्या जमिनीवरून ओढत फिरायचं. येणारेजाणारे बघतात आणि म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तोंड करून पुढे जातात. मुलगा पुण्याहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवत असतो. परदेशातली माझ्याच वयाची माणसं आपापल्या शेडमध्ये हौसेनं लेथ चालवतात, फरशी अशी की वर सांडलेला भात उचलून खावा. बघायला बरं वाटतं. त्यांच्या शेजारी गाई नसतात.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, सगळी नोकरी तिथेच गेली. निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं शेतात लक्ष घालतात. मी आणि माझ्या मित्रानं लेथ घेतला. इंदापुरात एक बंद पडलेलं वर्कशॉप भंगारात निघालं होतं, तिथला हा जुना गडी. दोघांनी मिळून उचलला आणि माझ्या गोठ्यात आणून बसवला. मित्र भिगवणचा. माझ्याच वर्कशॉपमध्ये फिटर होता. मी त्याला फिटर म्हणतो, तो मला टर्नर म्हणतो. नावं घ्यायची वेळ आली तर दोघांनाही जरा आठवावं लागेल. दर रविवारी तो मोटारसायकलवरून यायचा, येताना पिशवीत चिलापी मासे आणायचा, आणि दिवसभर आम्ही हत्यारं करायचो.

हत्यारं म्हणजे हत्यारं करायला लागणारी हत्यारं. लेथमध्ये तुकडा पकडून ठेवणाऱ्या चकची किल्ली चकमध्येच विसरली तर मशीन सुरू होताच ती उडून तोंडावर येते, म्हणून आम्ही तिला स्प्रिंग बसवली. हात सोडला की ती आपोआप बाहेर पडते. ती झाल्यावर स्प्रिंगा वळायचं हत्यार केलं. ते हत्यार आवळून धरायला छोटा शेगडा केला. बायको एकदा चहा घेऊन आली आणि फिटरला म्हणाली, "भावजी, इतकी हत्यारं केली तुमी दोघांनी, पर माज्या कुकरची मूठ अजून सुतळीनं बांधलेली हाय." फिटर म्हणाला, "वहिनी, त्या मुठीला लागणारं हत्यार अजून व्हायचंय." कुकरची मूठ आजही सुतळीनंच बांधलेली आहे.

आमच्या शेडमध्ये नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. आपलं माप आपण घ्यायचं नाही. एकानं काम केलं की दुसऱ्यानं मोजायचं. कारखान्यातली जुनी शिस्त होती ती, पण आम्ही ती देवासारखी पाळली, कारण आपला डोळा आपल्या कामावर माया करतो. रेघ जरा अलीकडे असली तरी त्याला ती बरोबर वाटते. मोजणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, बरोबर किंवा गेलं. तिसरा शब्द नाही. बरोबर असेल तर मोजणाऱ्यानं त्यावर पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा ठेवून आपली खूण ठोकायची. माझा एक ठिपका, त्याचे दोन. गेलं असेल तर बाकाखालच्या तेलाच्या डब्यात. म्हणून शेडमधल्या त्याच्या प्रत्येक हत्यारावर माझा एक ठिपका आहे आणि माझ्या प्रत्येक हत्यारावर त्याचे दोन. त्या डब्यात कुणाचं काय आहे ते विचारायची पद्धत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. वाचा थोड्या दिवसांत परतली, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजव्या हातात चहाचा कपही राहीना. शिमगा झाल्यावर एका रविवारी त्याचा मुलगा त्याला गाडीत घालून घेऊन आला आणि शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून गेला. फिटर सगळीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पुलरची तिसरी पिन ऱ्हायलीय."

पुलर म्हणजे शाफ्टवर घट्ट बसलेली पुली किंवा बेअरिंग ओढून काढायचं तीन पायांचं हत्यार. वारं जाण्याआधी तो तेच करत होता. तिन्ही पाय झाले होते, दोन पायांच्या पिना झाल्या होत्या, बोटाएवढी तिसरी पिन तेवढी बाकी होती. मी म्हणालो, "मी काढतो की, अर्ध्या तासाचं काम." तो म्हणाला, "तुला कुनी सांगितलंय?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही.

मग त्यानं डाव्या हातानं सुरू केलं. आता इथे आमच्या लेथचं एक दुखणं सांगायला हवं. लोखंड कापणारं टूल आतबाहेर करायचं जे छोटं चाक असतं, त्याच्या आतला नट झिजलेला होता. चाकाची दिशा बदलली की पहिला पाव फेरा नुसता रिकामा जायचा. पाव फेऱ्यानंतर स्क्रू नटाला धरायचा आणि मग टूल हलायचं. याला आम्ही ढील म्हणतो. कुठे धरलं ते बोटांनाच कळायचं. माझ्या उजव्या हाताला ते इतकं पाठ झालं होतं की मी चाकाच्या डायलकडे बघतही नसे. पाव फेरा रिकामा, मग पाहिजे तितकी घरं. डायलवरच्या बारीक रेघांना आम्ही घरं म्हणतो. फिटरच्या उजव्या हातालाही ते पाठ होतं, पण तो हात मांडीवर पडलेला होता. डाव्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो एकतर रिकाम्यातच थांबायचा, नाहीतर धरल्यावर पुढे घसरायचा.

पहिली पिन मोजली आणि म्हणालो, "गेली." दुसरी गेली. पुढच्या रविवारी दोन गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. प्रत्येक वेळी त्याच्या कपाळावर घाम यायचा, तो खुर्चीत मागे रेलायचा. बाहेर त्याचा मुलगा गाडी घेऊन यायची वेळ झालेली असायची. मी खरं सांगतो, मीही दमून जायचो. स्वतः काम केल्यावर माणूस दमतो ते वेगळं. दुसऱ्याला धडपडताना बघून येणारा शीण झोपेनंही जात नाही.

सहावी पिन मी मोजली तेव्हा ती सात घरं कमी होती. सात घरं म्हणजे साधारण एका केसाएवढा फरक. डोळ्याला दिसत नाही, पिन ज्या भोकात बसवायची त्या भोकाला कळतो. फिटर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "बरोबर."

आणि पंच घेऊन माझा एक ठिपका ठोकला.

त्यानं पिन हातात घेतली, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मायक्रोमीटर मागितला नाही, कारण तो मागायचा नसतो. "घरी पॉलिश पेपर मारतो," म्हणाला आणि पुलर आणि पिन दोन्ही गाडीत घालून घेऊन गेला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. एक चांगलं काम केलं असं मला मनापासून वाटत होतं. बायकोला सांगितलं, फिटरचं जमलं बरं का. ती म्हणाली, बरं झालं बाई.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की सून उचलायची. "बाबा झोपलेत." दुपारी केला तरी झोपलेत, सकाळी केला तरी झोपलेत. मीही मूर्खासारखा, पिन झाली, आता कशाला येतोय, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण समजूत बसेना. माझा अंगठा उगाच कशावरूनही फिरायचा, जणू तिथे ठिपका आहे.

तिसऱ्या रविवारी एसटी धरली. बारामतीला गाडी बदलायची, ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावू देईना. पुढच्या बाकावरचे दोघे बोलत होते, धरणाचं पाणी इतकं उतरलंय की बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडलंय. भिगवणला उतरून स्टँडपासून त्याच्या घरापर्यंत चालायला मला जितका वेळ लागला तितक्यात पूर्वी मी कारखान्याला फेरी मारून आलो असतो. घर गावाच्या कडेला, ओसरीतून पाणी दिसतं. आता पाण्याआधी लांबवर भेगाळलेला गाळ दिसत होता. तो ओसरीत खाटेवर बसला होता. झोपलेला नव्हता.

सुनेनं पाणी दिलं, चहा दिला आणि ती आत गेली.  मग उशाखालून त्यानं पुलर काढला, मांडीवर धरला आणि डाव्या हातात पिन घेतली.

"हात धर खाली," तो म्हणाला.

मी पुलरच्या पायाखाली तळहात धरला. त्यानं पिन भोकाच्या तोंडावर ठेवली आणि सोडून दिली. ती कुठेही न अडता थेट माझ्या हातात पडली. दाबून बसवावी लागेल अशी पाहिजे होती ती.

"किती कमी हाय?"

"सात घरं."

"मंग त्या दिशी काय म्हनलास?"

मी हातातली पिन बोटांनी फिरवली. मग म्हणालो, "तुझ्याकडं बघून वाईट वाटलं रे."

"वाईट वाटलं तर घरी जाऊन रडायचं. माप खोटं सांगायचं न्हाय." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "डाक्टर म्हनतो, सुधारना हाय. पोरगं म्हनतं, बाबा, भारी चाललंय. सून म्हनती, आज तोंड ताजं दिसतंय. समदी बरोबर, बरोबर करत्यात. मला काय कळत न्हाय व्हय? ह्या घरात मला खरं सांगनारं कुनी न्हाय, टर्नर. एक तू हुतास गेली म्हननारा. आता माजं किती ऱ्हायलंय, किती गेलंय, ते मी कुनाला इचारू?"

 इतकी वर्षं त्याच्या कामाची मापं मी काढली, पण त्याला माझ्याकडून नक्की काय हवं असायचं ते मला त्या ओसरीत कळलं. लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

निघताना त्यानं पिन माझ्याकडेच ठेवू दिली. "ठिपका घासून काढ त्यावरचा," म्हणाला. "आन् मंग डब्यात टाक."

घरी आल्यावर आधी तेच केलं. एक ठिपका घासायला कानशीचे किती हात लागावेत, दहा? मला बराच वेळ लागला. मग पिन डब्यात टाकली आणि लेथपुढे बसून राहिलो. फिटरचा डावा हात वाईट नव्हता. त्याला काही पाठ नव्हतं एवढंच, आणि आमचा लेथ पाठांतरावर चालणारा होता. ढील काढली तर डायलवर बघून कुणीही चालवू शकला असता. हे मला सहा पिना आधी सुचायला हवं होतं. मला ढील कधी अडचण वाटलीच नव्हती. स्वतःच्या घराच्या दाराला खालच्या बाजूनं लाथ मारून उघडायची सवय झालेल्या माणसाला दार दुरुस्त करावंसं वाटत नाही.

नवा नट करायचा ठरवलं. गनमेटल या पितळेसारख्या धातूचा एक तुकडा कधीपासूनचा जपून ठेवला होता. गंमत अशी की लेथचा नट त्याच लेथवर, त्याच झिजलेल्या नटाच्या जिवावर करायचा. आतले आटे पाडताना दिसत काही नाही, हातालाच विचारायचं. दिवसाला एक तास काम आणि दोन तास पाठ टेकून पडणं. पहिला नट वाकडा गेला. डोळ्यातून पाणी यायला लागलं की मी पत्र्यापलीकडे जाऊन गाईंजवळ उभा राहायचो. बायको म्हणाली, "जीव काढताय एवढ्याशा तुकड्यापायी." मी म्हणालो, "फिटरचा नट हाय." त्या संध्याकाळी लोहचुंबक तिनंच ओढला.

दुसरा नट झाला. मोजायला कुणी नव्हतं आणि मी मोजला नाही. स्क्रूवर चढवला, तो चढला, एवढ्यावर बसवून टाकला आणि भिगवणला फोन केला. सूनच होती. मी म्हणालो, "झोपले असतील तर उठवून सांग, ढील काढलीय म्हणावं."

रविवारी गाडी आली. तो खुर्चीत बसला. मी मोठ्या रुबाबात चाक डावीउजवीकडे हलवून दाखवलं, लगेच टूल हलत होतं, रिकामं काही नाही. त्यानं मान हलवली. मग त्याला दाखवायला म्हणून मी एक तुकडा चकमध्ये लावला, मशीन सुरू केलं, टूल टेकवलं, मागे घेतलं आणि पुन्हा आत दिलं. हातानं सवयीप्रमाणे आधी पाव फेरा रिकामा दिला. रिकामा आता राहिलाच नव्हता. टूल कच्चकन आत घुसलं, तुकडा वाकला, मशीन थरथरलं. मी धडपडत बटण बंद केलं. जी ढील काढायला महिनाभर राबलो, ती माझ्या हातातून मात्र गेली नव्हती. जित्याची खोड.

फिटर वाकून बघत होता. मायक्रोमीटरची गरजच नव्हती.

"गेलं," तो म्हणाला आणि हसला. वारं गेल्यापासून पहिल्यांदा हसला, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण हसला. "डब्यात टाक. आन् हो बाजूला."

मी बाजूला झालो. तो खुर्ची ओढून चाकाजवळ बसला. डावा हात चाकावर ठेवला, नाक डायलला लागेल इतका वाकला आणि एकेक घर मोजत टूल आत देऊ लागला. त्याला काही पाठ नव्हतं, म्हणून तो बघत होता. मी उभा राहून राहून कंटाळलो, बाकावर टेकलो. एक पिन व्हायला जवळजवळ सकाळ गेली. घाम याही वेळी आला, पण तो थांबायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

पिन काढून त्यानं माझ्या हातात दिली. मी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मायक्रोमीटर लावला, दोनदा लावला. दोन घरं कमी होती. दोन घरांनी पुलरचं काही अडलं नसतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. बाहेर गाडीत मुलगा वाट बघत होता. फिटर माझ्या तोंडाकडे बघत होता, त्या दिवशीसारखाच.

"दोन घरं कमी," मी म्हणालो. "गेली."

त्यानं श्वास सोडला. पिन माझ्या हातातून घेतली, वाकून डब्यात टाकली, आणि ती खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत वाकलेलाच राहिला.

"सातावरनं दोनावर आलो म्हन की," तो म्हणाला. "दुसरी लाव."

मी दाराशी जाऊन त्याच्या मुलाला सांगितलं की अजून वेळ लागेल. मग उभं राहवत नव्हतं तरी गजाचा तुकडा घेतला आणि चकची किल्ली हातात धरली. धारेला अजून बराच अवकाश होता.